खाली लागलेलं पिठलं

शिकागो
११ जानेवारी २०२५

चि. प्रीतास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्या सकाळी सडा टाकून झाला होता, म्हशीची धार काढून झाली होती, आणि मी चुलीवरचं पाणी उतरवत होते, तेवढ्यात पोस्टमनने दारातून हाक मारली. साल एकाहत्तर, डिसेंबर महिना. तुझे आजोबा तिकडे पूर्वेला लढाईत. मी अठरा वर्षांची आणि अक्षरशत्रू. थोरल्या जाऊबाई चौथी शिकलेल्या, त्यांनी ते पत्र सगळ्या घरासमोर मोठ्याने वाचलं. दोन पानं नुसतं जेवण! मसुराची डाळ कशी पातळ होती, पुऱ्या कशा चामड्यासारख्या होत्या, खिरीत साखर किती कमी होती. मामंजी म्हणाले, पोरगा लढाईला गेलाय का लग्नाला? सगळे हसले, मीही हसले. पण माझ्या नवऱ्याचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही, एवढं त्या दिवशी ठरवलं. पुतण्याची अंकलिपी चुलीपाशी आणून ठेवली.

आज तुझं पत्र आलं तेव्हा मी पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत होते, म्हणून हे आठवलं. तुझा बाबा म्हणतो, फोन असताना तिकिटं कशाला चिकटवता? त्याला काय कळणार! अमेरिकन सैन्याच्या ट्रेनिंगमध्ये तुझा फोन काढून घेतला होता तेव्हा आपण दोघींनी हे सुरू केलं. तुझं पहिलं पत्र अजून माझ्या उशाशी आहे. पायाला सोळा फोड, आणि घोरपडे म्हणता म्हणता जीभ अडकल्यामुळे सार्जंटने शेवटी तुला नुसतं ‘जी’ म्हणायला सुरुवात केली. मला वाटलं, काय आदराने बोलतो माणूस!

खालच्या मजल्यावरच्या हानबाई रोज कोरियन पेपर वाचून मला इंग्रजीत सांगतात. त्यांचं इंग्रजी माझ्याएवढंच, त्यामुळे आमचं छान जमतं. तू आहेस त्या कोरियात प्रत्येक मुलाला दीड वर्ष सैन्यात जावं लागतं आणि ट्रेनिंगमधल्या मुलांचे फोटो आईबापांना बघायला मिळतात म्हणे. तुमच्या सार्जंटला सांग जरा.

तुमच्या अमेरिकन तुकडीत दिलेला तो कोरियन शिपाई मुलगा, मिनसू, माझ्या शंकरपाळ्यांना फरशीचे तुकडे म्हणतो काय? दात नाजूक असतील तर कॉफीत बुडवून खा म्हणावं. त्याच्या नावाचा वेगळा डबा पाठवते आहे.

लोभ आहेच. वाढवायचा असेल तर दोन-दोन मोजे घाल.

तुझी आजी

*

दक्षिण कोरिया
१ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस प्रीताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी मजेत आहे. तुझा डबा मिळाला. थँक्यू.

इथे आत्ता कोरियन नवीन वर्ष झालं. त्या दिवशी मेसमध्ये भाताच्या वड्यांचं सूप होतं. वड्या चकत्यांसारख्या, पांढऱ्या, चिकट. वर अंडं आणि समुद्रातलं काळं गवत. तुला आवडणार नाही पण मला आवडलं. सोबत तीन प्रकारची किमची होती. कोबीची, मुळ्याची आणि काकडीची. मुळ्याची सगळ्यात छान, तुझ्या लोणच्यासारखी पण आंबट जास्त. मग गोड भाताचं थंड पेय होतं. त्यात भाताची शितं तरंगतात. मग रताळी होती, भाजलेली. रताळ्याबरोबर लोक दूध पितात. मी दोन रताळी खाल्ली. आमच्या अमेरिकन कुकने त्याच दिवशी टर्की पण केली होती, ती नेहमीसारखी ड्राय.

बर्फ खूप आहे. ड्रिल काही दिवस बंद आहे, म्हणून आराम आहे. मेडिकच्या बॅगा परत भरायच्या कामावर मला ठेवलंय. काल मंडूची भाजी होती. मंडू म्हणजे मोदकासारखं, पण आत नारळ नाही.

बाबाला सांग मी मजेत आहे.

लोभ ठेव, लोणचं पाठव.

तुझी प्रीता

*

शिकागो
१५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रीतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून पोट भरलं आणि जीव उडाला. रताळी मोजलीस, किमचीचे प्रकार मोजलेस, मंडूची भाजी केलीस, जी जगात कुणी करत नाही. हानबाईंना विचारलं मी. आणि दोन पानांत मिनसूचं नाव एकदाही नाही. मुली, तू तुझ्या आजोबांची नात आहेस, आणि मी त्यांची बायको होते.

ते एकाहत्तरचं पत्र मी पुढे स्वतः वाचायला शिकले तेव्हा वरची तारीख पाहिली. त्याच्या आदल्या दिवशी त्यांचा जोडीदार सहदेव त्यांच्या शेजारीच मारला गेला होता. आणि ह्यांनी लिहिलं काय, तर पुऱ्या. त्यानंतर मी त्यांची पत्रं तशीच वाचायची. चार ओळी जेवण म्हणजे सगळं ठीक. दोन पानं जेवण म्हणजे देवापुढे दिवा.

हानबाई चार दिवस मला टाळत होत्या. शेवटी चहा करून समोर बसवलं तेव्हा त्यांनी पेपर उघडला. सरावाला निघालेला ट्रक घाटात बर्फावरून घसरला, कोरियन शिपाई गेला, वय बावीस. नाव पेपरात अर्धंच होतं. बातमीत म्हटलं होतं की भारतीय वंशाच्या एका अमेरिकन मेडिक मुलीने त्याला बाहेर ओढून काढलं आणि मदत येईपर्यंत चाळीस मिनिटं त्याचा हात सोडला नाही. भारतीय वंशाच्या मेडिक मुली तिथे किती असतील, सांग बरं.

काल दुसरी बातमी आली. त्याच्या आईने बातमीदाराला सांगितलंय की त्या मुलीला एकदा भेटायचंय. हानबाई वाचता वाचता थांबल्या. त्यांचाही मुलगा सैन्यात राहून आलेला आहे.

तुझ्या बाबाला मी अजून काही बोललेले नाही. तुला सर्दी झाली आहे एवढंच त्याला माहीत आहे, आणि तो लगेच गोळ्यांची यादी करायला बसला.

आता मला जेवण सोडून दुसरं काहीतरी लिही. शुद्धलेखन तपासणार नाही.

तुझीच आजी, जिला फसवणं सोपं नाही

*

दक्षिण कोरिया
२ मार्च २०२५

ती. आजीस नमस्कार.

मंडूची भाजी मी बनवली होती. म्हणजे पत्रात बनवली होती. सॉरी.

हो, मिनसू होता. तुझा डबा त्याच सकाळी आला होता. त्याच्या नावाचा वेगळा आहे म्हटल्यावर त्याने सगळ्यांना दाखवला, माझ्या इंडियन आजीने पाठवलाय म्हणून. मग ट्रकमध्ये मागे बसून खात होता. त्याला आवडले होते, आजी, अर्धा डबा संपवला. पण चेष्टा सोडली नाही. म्हणाला, हे चाकाखाली टाकले तर ट्रक बर्फावर कधीच घसरणार नाही. सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त. पाच मिनिटांनी ट्रक घसरला.

त्यानंतर तो काही बोलला नाही. बोलू शकत नव्हता. मला शिकवलं होतं तसं सगळं मी केलं. डॉक्टर म्हणाले, माझी चूक नव्हती. ते मला माहीत आहे. माहीत असून उपयोग नाही.

त्याच्या आईचा निरोप आमच्या ऑफिसकडून पण आला. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्या विचारतील, माझा मुलगा शेवटी काय बोलला? कोरियन पेपरात लिहिलंय की तो शूर होता. त्या काहीतरी मोठं ऐकायला बसल्या असतील. आणि मी काय सांगू, शंकरपाळ्यांचा जोक? त्याच्या आईसमोर? पुढच्या महिन्यात माझी बदली आहे. तोपर्यंत असंच गेलं तर बरं, असं वाटतं.

तू रागावशील. रागव.

तुझी प्रीता

*

शिकागो
१५ मार्च २०२५

चि. प्रीतास अनेक अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. पत्र तीनदा वाचलं, मग देवापुढे दोन दिवे लावले. एक त्या मुलाचा. हानबाई म्हणाल्या, माझ्या शंकरपाळ्यांबद्दल मुलाचं मत बरोबर होतं. मी त्यांना घरी जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत.

आता एक सांगते, ते तुझ्या बाबालाही माहीत नाही. लढाईनंतर दुसऱ्या वर्षी तुझे आजोबा सुट्टीवर आले होते. सहदेवची बायको कृष्णाबाई चौदा मैलांवरून एसटीने आमच्या दारात आली. आजोबांनी तिला लांबून पाहिलं आणि मागच्या दाराने शेतात निघून गेले. मी चहा केला, भाकरी वाढली. ती ओसरीवर शेवटच्या गाडीपर्यंत बसली. माझ्याएवढीच, एकोणीस वर्षांची. जाताना म्हणाली, त्यांना सांगा, मला फक्त विचारायचं होतं. पुन्हा आली नाही.

पन्नास वर्षं ह्या माणसाने मला त्याबद्दल अक्षर सांगितलं नाही. इथे दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सांगितलं. खंदकात बसून सहदेव गोष्ट सांगत होता. लग्नानंतर कृष्णाबाईने पहिल्यांदा पिठलं केलं ते करपलं, आणि ह्याने वाहवा करत सगळं खाल्लं, तर ती भोळी खूश होऊन रोज तसंच करायला लागली. हे सांगताना सहदेव पोट धरून हसत होता, आणि गोळा पडला. आजोबा मला म्हणाले, तिला काय सांगायचं होतं, तुझ्या पिठल्याला हसता हसता गेला म्हणून? मग म्हणाले, मला जमलं नाही, तू सांग.

म्हणून म्हणते, मागच्या दाराने जाऊ नकोस. ती बाई ओसरीवर बसलेली आहे. जसं झालं तसं सांग. मोठं काही बनवू नकोस, तुला बनवता येत नाही. मंडूची भाजी आठव.

लोभ आहे, आणि काळजी त्याहून जास्त.

आजी

*

दक्षिण कोरिया
६ एप्रिल २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

काल गेले. आमच्या ऑफिसची एक बाई भाषांतराला बरोबर होती. छोटं घर आहे, बाहेर चपला काढायच्या, आपल्यासारखं. त्यांनी फळं कापून ठेवली होती, माझ्यासाठी आणि त्याच्या फोटोसाठी.

मी सगळं सांगितलं. डबा, चाकं, जोक. भाषांतर करणारी बाई मध्येच थांबली, हे सांगू ना, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, सांगा. आजी, त्या हसल्या! तोंडावर हात ठेवून, खूप. मग म्हणाल्या, परत सांग. मी तीनदा सांगितलं. त्यांच्या किमचीला पण तो नावं ठेवायचा म्हणे, आणि मग भांडं पुसून खायचा. नंतर त्या रडल्या आणि मी पण. मी पहिल्यांदाच रडले.

उरलेला अर्धा डबा मी जपून ठेवला होता, तो त्यांना दिला. त्यांनी एक शंकरपाळा खाल्ला आणि भाषांतराच्या बाईला काहीतरी म्हणाल्या. ती सांगायला तयार नव्हती. शेवटी कळलं, मुलगा खरं बोलत होता, असं म्हणाल्या.

बाबाला मी फोन करून सगळं सांगितलं. तो गोळ्यांची यादी परत करतोय.

आता माझा प्रश्न. तुझं पत्र मी पण तीनदा वाचलं. आजोबा तुला म्हणाले, तू सांग. त्याला चार वर्षं झाली. कृष्णाबाईंना तू काय सांगितलंस, ते पत्रात नाही. मी पण तुझीच नात आहे, मला पण गाळलेलं वाचता येतं.

लोभ ठेव. मागचं दार बंद कर.

तुझी प्रीता

*

शिकागो
१९ एप्रिल २०२५

चि. प्रीतास आशीर्वाद. वि. वि.

आगाऊ आहेस. आजीला प्रश्न विचारतेस.

हो, सांगितलं नव्हतं. आधी नंबर नव्हता, मग करोना होता, मग गुडघे दुखत होते. गुडघ्यांनी फोन करत नाहीत, हे मला माहीत आहे.

बुधवारी तुझं पत्र आलं. पुतण्याकडून नंबर घेतला आणि गुरुवारी सकाळी आठ वाजता फोन लावला, तिकडे संध्याकाळ. हानबाई शेजारी बसून होत्या, शब्द कळत नसताना. नातसुनेने फोन कृष्णाबाईंकडे दिला. मी कोण ते सांगितलं, तर लगेच म्हणाल्या, तुमच्याकडची भाकरी चांगली होती. त्रेपन्न वर्षांनी, प्रीता! मग मी खंदक, गोष्ट, पिठलं, सगळं एका दमात सांगून टाकलं.  आणि मग त्या ठसक्यात म्हणाल्या, करपलं नव्हतं. जरा खाली लागलं होतं, एवढंच. त्यांना म्हणावं, तिखट मीठ बरोबर होतं.

मग दोघी हसलो. हानबाईही हसल्या, का ते माहीत नसताना. फोन ठेवताना कृष्णाबाईंनी विचारलं, ते हसत होते, हे नक्की ना? मी म्हटलं, नक्की. पोट धरून.

बदलीच्या गावाचा पत्ता लगेच कळव. लोभ आहे तेवढा सगळा तुझाच.

आजी

ता. क. दुसऱ्या दिवशी मी पिठलं केलं, आणि थोडं खाली लागू दिलं.