आंबटीचे धुमारे

ढोली, ५ वैशाख

प्रिय जियालाल,

नमस्कार. सोलनच्या हवेत तुझे गुडघे सुधारले असतील असं धरून चालतो. याला अनुमानप्रमाण म्हणतात. जो माणूस स्वतः पाहायला गेला नाही, त्याला तेवढंच परवडतं.

इकडे सगळं कुशल. पौषात कमरेएवढं बर्फ पडलं, त्यामुळे सफरचंदांची झोप पुरी झाली. परवा देवतेची पालखी जत्रेला गेली; चढावर खांदेकऱ्यांपेक्षा ढोलवाल्यांनाच जास्त धाप लागली. हिने सिड्डू वाफवले होते. अक्रोडाचं सारण उरलं तेव्हा म्हणाली, "जियाभाऊजी असते तर उरलं नसतं." मी तूप मागून विषय बदलला. सहा वर्षं या घरात मी याच कौशल्यावर टिकून आहे.

पंचायतीने गावच्या बागांचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला जिवंत लोकांचं दुसरं काय काम द्यायचं, असा प्रधानजींचा विचार असावा. पहिलं वाक्य मी विनाकष्ट लिहिलं: 'या गावात सफरचंदाची पहिली झाडं माझ्या आजोबांनी लावली.' मग साक्षीसाठी मथरीकाकूंकडे गेलो. वय ब्याण्णव, दात तीन, आणि तिन्ही माझ्यावरच.

"लावली रे लावली," काकू म्हणाल्या. "पाच झाडं. आणि सात वर्षं नुसती फुलं! लोक म्हणायचे, साहेबाचं झाड साहेबासारखंच, दिसायला गोरं नि कामाला शून्य. तुझे आजोबा कुऱ्हाड घेऊनच निघाले होते."

"मग?"

"मग बांधापलीकडे जियालालच्या आजीचं आंबट सफरचंदाचं झाड, ती आंबटी, फुललं. कुणीतरी फेकलेल्या फळाच्या बिया रामदासीने पुरल्या, तेव्हा सगळे हसले होते. त्या वर्षी मधमाश्या तिच्यावरून तुमच्याकडे गेल्या, नि तुमच्या झाडांना पहिली फळं धरली. हे लिहायचं असेल तर लिही. नसेल लिहायचं, तर माझ्याकडे चहाला येऊ नकोस."

खरं तर मला साक्षीची गरज नव्हती. पुरावा दर वैशाखात माझ्याच बागेत टांगलेला असतो. आमच्या लाल झाडांना आपापसात फळ धरत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून खालच्या गावातून दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या आणतो, पाण्याच्या बाटल्यांत खोचतो आणि झाडाझाडाला बांधतो. फुलांची फांदी मालकाने स्वतः कापून द्यायची, ही रीत. त्यामुळे दरवर्षी परक्यांच्या फाटकाशी हात जोडून उभा राहतो. गेल्या वर्षी एका बाईने विचारलं, "शास्त्रीजी, तुमच्या शेजारी ती मोठी आंबटी होती ना?"

"बर्फाने पडली," मी म्हणालो.

तुलाही मी फोनवर हेच सांगितलं होतं. तू "बरं" एवढंच म्हणालास, आणि त्यानंतर गावी आला नाहीस. त्या हिवाळ्यात बर्फ पडलं हे खरं, आंबटी पडली हेही खरं. कावळा बसला नि फांदी तुटली, हा मुलांना शिकवलेला काकतालीय न्याय मी तुझ्यावर चालवला.

जियालाल, सहा वर्षांपूर्वी आंबटी मी तोडली. पहिल्या झाडापाशी पंचायत आजोबांच्या नावाचा दगड बसवणार होती, आणि तुझ्या आजीचं झाड आमच्या झाडांपेक्षा थोराड दिसत होतं. पाहुण्यांनी विचारलं असतं. तू मुलीकडे सोलनला होतास. करवत माझी, हातही माझे. तो दगड अजून बसलेला नाही.

फोनवर खोटं बोलणं मला सोपं जातं, म्हणून पत्र लिहितोय.

आता ऐक. दुसऱ्याच वर्षी खोडाला धुमारे फुटले. बकऱ्यांपासून राखायला मी भोवती काटे रोवले आणि हिला सांगितलं, भाजी लावतोय. ती भाजी कुठे गेली, हे हिने आजवर विचारलं नाही. झाड कलमी असतं तर मुळाची भलतीच जात वर आली असती. पण आजीने बी पुरलं होतं, त्यामुळे खोडातून पुन्हा तीच आली. काल तीन धुमारे फुलले. पांढऱ्या पाकळ्यांना तीच गुलाबी कड. माश्यांना माझा इतिहास ठाऊक नाही; त्या तिथून सरळ माझ्या बागेत आल्या.

या वर्षी मी खालच्या गावात गेलो नाही. बाटल्या धुऊन, पाणी भरून ठेवल्यात. फांदी मात्र मी कापणार नाही. ती तुझ्या हातूनच मिळायची, आणि तू नाही म्हणालास तर झाडावरच राहील. बहर आठ दिवसांचा.

सोबत इतिहासाची दोन पानं आहेत. पहिली झाडं आमची, पहिलं फळ रामदासी आजीचं. झाड कुणी तोडलं, तेही नावासकट लिहिलंय. तू वाचल्याशिवाय छापायला देणार नाही. जुन्या मैत्रीखातर ते वाक्य खोडू मात्र नकोस.

हे पत्र हिने वाचलं. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्या कोटावरचा भुसा कुणी झाडला?" वर म्हणते, "भाऊजींना लिहा, लगेच निघा, मुहूर्त बघत बसू नका. फुलं पंचांग वाचत नाहीत."

तुझ्या फाटकाशी रिकाम्या हातांनी उभा,
शिबू