हद्द मायबोलीत

खलिफा सिटी, अबू धाबी
गुरुवार, १४ सप्टेंबर २०२३

ति. अब्बांस,
यम्नाचा सलाम. वि. वि.

फोनवर तुम्ही चार शब्द बोलता. सगळं ठीक, इन्शाल्ला, जेवलीस का, ठेवतो. म्हणून हे पत्र. रामेश्वर दर गुरुवारी खजुराचे खोके घेऊन इकडे येतो, परतताना त्याच्या पिकअपमधून हे धैदला येईल. उत्तर त्याच्याच हाती द्या. तुम्ही कागदावर बोलता, हे मी रत्नागिरीच्या शाळेत होते तेव्हापासून मला माहीत आहे.

दहावीच्या वर्गाला सध्या हजार वर्षांपूर्वीचं इंग्लंड शिकवते आहे. राजा, त्याच्या खाली थेन, म्हणजे राजाकडून जमीन मिळालेले सरदार, आणि त्या जमिनी सांभाळणारे कारभारी. त्यांना रीव्ह म्हणत. रीव्हने कशाकशावर लक्ष ठेवावं याची एक जुनी यादी आहे. नांगर, कुऱ्हाडी, टोपल्या, अगदी उंदरांच्या सापळ्यापर्यंत. ती वाचताना मला धैदची कोठी दिसली आणि दाराशी बसून लॅच दुरुस्त करणारे तुम्ही. एका मुलीने इंग्रजीत विचारलं की म्हणजे हा माणूस नुसता मॅनेजरच ना. मी हो म्हटलं आणि दिवसभर स्वतःवर चिडले.

अरबाबना, तुमच्या शेतमालकांना, जाऊन तीन महिने झाले. रामेश्वर सांगतो की शेतावर मोजणीवाले येऊन गेले. खरं काय ते लिहा.

तुमच्या जावयाचा, राहिलचा सलाम. माया आहेच, ती तशीच ठेवा.

तुमची,
यम्ना

*

धैद, शारजा
२१ सप्टेंबर २०२३

चि. यम्ना हिस,
अलीमियाँचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुझं अक्षर बिघडलं आहे. मास्तरीणबाईंना शोभत नाही.

तुझे थेन म्हणजे आपल्याकडचे खोत दिसतात, फक्त तलवारवाले. आणि सापळ्याचं म्हणशील तर इथे पाच आहेत, एक मोडका. तुझ्या रीव्हला कळव.

मोजणीवाले आले होते ते खरं. अरबाबांचा मुलगा फहद शेत विकतो आहे. घेणारे इथे सुट्टीत राहायची घरं बांधणार. फहद वाईट मुलगा नाही. समोर बसला, मला चाचा म्हणाला, स्वतः कॉफी ओतली. मग म्हणाला की चाचा, तुम्ही एकेचाळीस वर्षं खपलात, आता घरी जाऊन आराम करा. डिसेंबरअखेर व्हिसा बंद. मी त्याला सांगितलं की तुझ्या वडिलांनी मला शब्द दिला होता, जिवंत असेपर्यंत अली इथेच राहील. तो म्हणाला की बाबा आम्हाला असं काही बोलले नव्हते. खोटं बोलत नव्हता तो.

शेत जातंय याचं मला फार नाही. खजुरीचे माड कुणाचेही असोत, फळ धरतात. पण तुझी अम्मी इथे आहे. दर जुम्म्याला मी कब्रस्तानात जातो. तिथे कुठल्याच दगडावर नाव नाही, रीतच तशी आहे. शहरबानू कुठे झोपली आहे हे दोन माणसांना माहीत होतं. अरबाबनी त्या दिवशी स्वतः फावडं धरलं होतं. आता माझ्या एकट्याला माहीत आहे.

मी गेलो की ती नुसता एक दगड होईल.

कळावे. जेवत जा.

अब्बा

*

खलिफा सिटी
५ ऑक्टोबर २०२३

ति. अब्बांस,
सलाम. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. राहिलला वाचून दाखवायला गेले, जमलं नाही.

आता मी विचारते त्याला सरळ उत्तर द्या. अरबाबनी शब्द दिला तेव्हा तिथे कोण होतं? मी शिकवते त्या काळात राजा सरदाराला जमीन द्यायचा तर सनद लिहायचे. खाली साक्षीदारांची नावं, प्रत्येकापुढे एक फुली. आधी राजा, मग बिशप, मग मोठे सरदार, मग थेन. कधी तीस-चाळीस नावं. देणारा मेला तरी फुल्या राहायच्या. तुमच्या सनदेवर कुणाच्या फुल्या आहेत?

सनदेतली एक गोष्ट मला फार आवडते. राजाचं वचन, देवाचं नाव, शाप, सगळं लॅटिनमध्ये. पण जमिनीची हद्द सांगायची वेळ आली की लिहिणारा एकदम मायबोलीत उतरतो. जुन्या काटेरी झाडापासून लाल चरापर्यंत, चरानं खाली दगडी पुलापर्यंत, असं. कारण ती हद्द पायी फिरून बघणारा माणूस तुमच्यासारखा असायचा. त्याला लॅटिन येत नव्हतं, त्याला झाड माहीत होतं.

अम्मीला पुरलं तेव्हा मी बिलकीस फुफीकडे बोर्डाची परीक्षा देत होते. तिसऱ्या दिवशी पोचले तर तुम्ही म्हणालात की बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी सोळा वर्षांची होते, ऐकलं. अजून रुतलेलं आहे.

तुमची,
यम्ना

*

धैद
१२ ऑक्टोबर २०२३

चि. यम्नास आशीर्वाद.

फुल्या विचारतेस, तर घे. अरबाब, पहिली फुली. मी, दुसरी. तिसरं पंपघराचं दार, तेही मोडलं.

पण तुला पूर्ण सांगतो, नाहीतर तू त्या माणसाला दोष देशील. अम्मीला जाऊन चाळीस दिवस झाले होते. अरबाब पंपघराशी आले, शेजारी जमिनीवर बसले. हिंदीत म्हणाले की अली, आता तू कुठेही जायचं नाहीस, चल, टायपिंगवाल्याकडे जाऊन कागद करून टाकू, मुलांचा भरवसा नाही. गाडी सुरूच ठेवली होती त्यांनी. मीच नको म्हटलं. म्हटलं, तुमचा शब्द आहे, कागद कशाला. कागद मागायचा तो परक्याकडे. ते हसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गेले.

चौदा वर्षं मला वाटत होतं, आपण फार इभ्रतीनं वागलो.

खजूर पाठवतो आहे. खोक्याच्या तळाशी अम्मीचा काळ्या दगडाचा पाटा आहे. मसाला त्यावरच वाट.

अब्बा

*

खलिफा सिटी
१६ नोव्हेंबर २०२३

ति. अब्बांस,
सलाम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला कारण मी रागावले होते. तुमच्यावर. कागद नको म्हणताना तुम्ही अम्मीच्या वतीनेही नको म्हणालात. लिहून टाकलं, आता राग नाही. त्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, मला माहीत आहे. तुमचीच मुलगी.

तुमच्या व्हिसासाठी खूप धडपडले. राहिलची नोकरी ऑगस्टपासून नाही, तुम्हाला सांगितलं नव्हतं. माझ्या एकटीच्या पगारावर आणि या एका खोलीच्या फ्लॅटवर वडिलांना स्पॉन्सर करता येत नाही. व्हिसाचे अर्ज भरून देणारी दोन टायपिंग सेंटर फिरले. दुसरा माणूस मलबारी होता, त्यानं कागद परत देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

फहदलाही फोन केला. त्याच्याकडे काही मागू नकोस ही तुम्ही घातलेली शपथ मोडली, माफ करा. तो अदबीनं बोलला. म्हणाला की व्यवहार झाला आहे, आता त्याच्या हातात काही नाही. हेही खरं असेल.

थेन मेला की राजानं दिलेले घोडे, तलवारी, चिलखत राजाला परत जायचं. ते पोचतं केल्यावरच त्याची माणसं राजाला विनवायची की त्याची शेवटची इच्छा तेवढी राहू द्या. तुम्हीही सगळं परत कराल. मग तुमची इच्छा मला लिहा. मी राजा नाही, पण माझ्याकडे अजून व्हिसा आहे.

यम्ना

*

धैद
१४ डिसेंबर २०२३

चि. यम्ना हिस,
अ. उ. आ.

सगळं परत केलं. चाव्यांचा जुडगा, एकोणीस चाव्या. पिकअपची कागदपत्रं. मोबाइल. परागाच्या वेळी माडावर चढायचा दोर, तो माझा होता, तरी दिला. पाच सापळे. फहदच्या माणसानं मोडका सापळा यादीत धरला नाही, मी धरायला लावला. अरबाबांची घोडी आधीच नेली होती. ती मला बघून थांबली होती एवढं लिहितो.

शनिवारी विमान आहे. तुला भेटायला येत नाही. विमानतळावरही येऊ नकोस. आलीस तर मला जाता येणार नाही.

इच्छा लिही म्हणालीस. लिहितो, मायबोलीत.

कब्रस्तानाच्या लोखंडी फाटकातून आत शीर. उजवीकडे वजूचा नळ आहे, ठिबकत असतो. नळापासून भिंतीच्या कडेनं जा. भिंतीचा चुना एका ठिकाणी बदलतो, पिवळट संपून पांढरा सुरू होतो. त्या जागी भिंतीला पाठ टेक. समोर घाफचं एकच झाड दिसेल. त्या झाडाकडे तोंड करून सरळ चाल. एकतीस पावलं. माझी पावलं, तुझी नव्हेत. जिथे पाय थांबतील तिथे अम्मी.

दगडाची खूण विचारू नकोस. दगड सगळे सारखेच. मी दगड बघून कधी गेलो नाही, पायांनी गेलो.

बायका जात नाहीत असं मी तुला सांगितलं होतं. ते त्या दिवशी मला तुझं रडणं सोसलं नसतं म्हणून. आता जा.

अब्बा

*

खलिफा सिटी
शुक्रवार, २ फेब्रुवारी २०२४

ति. अब्बांस,
यम्नाचा सलाम. वि. वि.

तुमची जीभ जड झाली आहे असं फुफीनं फोनवर सांगितलं. काळजी करू नका, बोलायला येईल. मार्चअखेर सुट्टी लागली की मी येतेच. तोवर फुफी हे वाचून दाखवील.

मी जाऊन आले. चौकीदारानं दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी फाटकाबाहेर जमिनीवर बसून राहिले. तासाभरानं तो पाण्याचा डबा भरायला म्हणून मागे वळला आणि वळलेलाच राहिला.

नळ ठिबकत होता. चुना बदलतो ती जागा सापडली. पाठ टेकली तेव्हा भिंत गरम होती. तुमच्या पावलांचा हिशेब मी आधीच केला होता. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही पुढे चालायचात आणि मी तुमच्या वाळूतल्या खुणांत उड्या मारायची. उंटाची चाल आहे असं अम्मी तुम्हाला चिडवायची. कॉलेजात गेल्यावर तुमच्याबरोबर मोजलं होतं, कोठीच्या दारापासून पंपघरापर्यंत तुमची बारा, माझी पंधरा. म्हणजे तुमची एकतीस ती माझी एकोणचाळीस, किंचित कमी.

पण अब्बा, घाफच्या झाडाला बुंध्यापासून दोन फाटे आहेत. जाड, सारखेच. डाव्या फाट्याकडे बघत चालले तर पाय एका दगडाशी थांबतात. उजव्याकडे बघत चालले तर शेजारच्या दगडाशी. मी चार वेळा चालले. दोन दगडांत हातभर अंतर आहे. मधे बसले आणि दोन्हीकडे पाणी घातलं. कुणाची तरी परकी माणसंही न्हाऊन निघाली.

एवढंच विचारते. डावा की उजवा? बोलायची गरज नाही, हातानं दाखवा. फुफी मला कळवील.

मी शोधून काढली आहे तिला, जवळजवळ.

तुमची,
यम्ना

*

राजिवडा, रत्नागिरी
२६ फेब्रुवारी २०२४

चि. यम्नास,
बिलकीस फुफीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तुला सगळं सांगितलं, तरी एक राहिलं. ते फोनवर माझ्याच्यानं निघालं नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र बुधवारी दुपारी आलं. दादाला उशी देऊन बसवलं आणि मोठ्यानं वाचलं. त्याची नजर आधी कागदभर काहीतरी शोधत फिरली, तुमच्यात काय गंमत होती मला ठाऊक नाही. चौकीदार वळला ते ऐकून तो हसला. एका बाजूनं हसला. उंटाच्या चालीपाशी डोळ्यांतून पाणी आलं. मग मी तुझा प्रश्न वाचला. डावा की उजवा. त्यानं लगेच हात वर केला. विचार करायलासुद्धा थांबला नाही. मला एवढा आनंद झाला की तेव्हाच तुला फोन लावणार होते.

मग माझ्या लक्षात आलं. म्हटलं, उद्या सकाळी त्याच्या एकाच बाजूला दोन वाट्या ठेवीन, एक डाव्याची, एक उजव्याची, आणि पुन्हा विचारीन. सकाळी वाट्या घेऊन गेले तेव्हा तो गेला होता.

यम्ना, एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती. तू परदेशात, राहिल घरी बसलेला, म्हणून. जानेवारीत दादाची नुसती जीभ गेली नव्हती. डावं अंगही गेलं होतं.

त्यानं वर केला तो उजवा हात. पण त्याला उचलता येत होता तोच एक.

दोघांना माझा सलाम. माझ्यावर रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी,
बिलकीस फुफी