शेजारचा खड्डा, आमची भिंत

बुधवार, बारामती

शेजारी तळघरासाठी खड्डा खणतायत, त्यानं आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेलाय. परवा केसाएवढा होता, आज त्यात माझं बोट गेलं. दुपारी तिथला इंजिनिअर येऊन बघून गेला.

"काका, खड्ड्याला आधार देईपर्यंत हितं राहू नका. घरात माणसं किती?"

"दोघं," मी म्हणालो. माझी बायको रझिया वारून सहा महिने झाले, तरी तोंडातून तेच का निघालं? त्यानं लिहूनही घेतलं. तेव्हापासून तडा सोडून तेच डोक्यात आहे.

आत्ता त्याचा फोन आला. "लॉजवर दोघांची सोय केलीय."

"एकटाच हाय मी," अखेर सांगितलं.

"बॅग भरा काका. मी न्यायला येतो."