हार्लेमचं कोरं आभाळ

आम्स्टरडॅम, ३ ऑक्टोबर १६५९

ती. दादास,
धाकट्या आल्ट्येचा सा. न. वि. वि.

माझे गुडघे दुकानाच्या पायऱ्यांना कंटाळलेत आणि मी गिऱ्हाइकांना. नवऱ्यामागं बाईनं छापखाना चालवला म्हणून लोक कौतुक करतात आणि त्याच दमात घासाघीस करतात.

तू कोरलेला नवा तांब्याचा पत्रा छापला, कागदावर ठसे काढले. वाळूच्या टेकड्या, वाळत घातलेली कापडं, मागं हार्लेमची छपरं, चर्चचा मनोरा. वर तुझं ते नेहमीचं कोरं आभाळ असणार, म्हणून मी कपाळाला हात लावूनच बसले होते. आजवर लोकांनी मला ऐकवलंय की बाई, अर्धा कागद रिकामाच, अर्धीच किंमत घ्या. आणि यंदा तू आभाळात रानहंसांचा थवा सोडलास! ठसे हातोहात गेले. एक साबणाचा व्यापारी म्हणाला, अहो, पंखांचा आवाज येतोय. गिऱ्हाइकांपुढं वाकलास म्हणायचं, म्हातारपणी का होईना.

एक ठसा सोबत पाठवते. आणखी दोन पत्रे कर आणि पाखरं सढळ हातानं टाक. वहिनीला नमस्कार. मी चिडवलं तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
आल्ट्ये


हार्लेम, ९ ऑक्टोबर १६५९

चि. आल्ट्येस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या वहिनीचं, शब्द माझे. हल्ली माख्टेल्टच लिहिते, तीच वाचते, अधूनमधून स्वतःची मतंही घुसडते.

मी एकही पाखरू काढलेलं नाही. तुझी थट्टा समजून हसलो. मग हिनं ठसा खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाली, पाखरं नव्हेत, नुसते ठिपके आहेत.

रेषा खोदायला पत्र्यावर तेजाब ओततो, तेव्हा बाकीचं तांबं झाकणारा मेणाचा थर आभाळात तडकला असणार. तेजाब आत शिरलं आणि तांबं खाऊन बसलं. असले ठिपके पूर्वी मला हातभर अंतरावरून दिसत. यंदा पत्रा मीच पुसला, मीच बांधला, आभाळ स्वच्छ आहे म्हणून समाधानानं झोपलो. म्हणजे माझे डोळे गेले. साबणवाल्याचे मात्र शाबूत आहेत, त्याला पाखरं दिसतात.

दमलो आहे गं. पण खाली नाव माझं आणि वर आभाळ तेजाबाचं, हे सोसवत नाही. पत्रा परत पाठव. ठिपके बोटाला लागतील, घोटून काढीन. तेवढं एक आभाळ माझं मला निस्तरू दे. तुझ्या गिऱ्हाइकांवर पाणी सोडायला लावतोय, तरी माया ठेव.

तुझा
लुबर्ट


आम्स्टरडॅम, २ नोव्हेंबर १६५९

ती. दादास व सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्रा पोचला, छापून पाहिला. आभाळ लख्ख! खोड काढायची सवय म्हणून भिंग लावून शोधलं, पण एक ठिपका सापडेल तर शपथ. साबणवाला विचारत आला, पाखरं कुठं गेली? म्हटलं, आमच्या दादानं हाकलली. रागावून गेला. जाऊ दे.

वहिनी, इथवर मोठ्यानं वाच. पुढचं तुझ्यापुरतं. त्यानं विचारलं तर सांग, आल्ट्येनं गुडघ्यांचं रडगाणं लावलंय.

ठिपक्यांबरोबर चर्चचा मनोराही घोटला गेलाय. बोटाला तोही खडबडीतच लागला असणार. छपरं आहेत, कापडं आहेत, चर्च नाही. आमचा कारागीर म्हणाला, बाई, घटकाभरात उभा करून देतो. म्हटलं, आधी तेजाबानं लुडबुड केली, आता तू नको. हा ठसा विकणार नाही. माझ्या खोलीत टांगलाय. पाद्रीबुवा आले तर ठशाचं तोंड भिंतीकडे करीन.

दादाला सांगायचं की नाही, हे तुझ्यावर सोडणार होते. पण तुझ्यावर किती सोडायचं? डिसेंबरात सेंट निकोलसच्या सणाला मीच येते, समोर बसून सांगते. मला वाटेल ते बोलता येतं असं सगळे म्हणतात, बघू.

तोवर त्यानं नवा पत्रा मागितला तर डोळ्यांची सबब सांगू नकोस. दे. मेणाचा थर मात्र तू लाव, उजेडात धरून, नीट बघून.

लोभ असावा. एरवी हे सवयीनं लिहिते, आज मागतेय.

आल्ट्ये