वहिनीला हरवा, फुकट जेवा

२ फेब्रु. ८७, सोम.
हॉटेलातल्या व्हिडिओ गेमवर आज सातवा बोगदा पार. दुपारी अडीचच्या सुमारास. हे हॉटेलच्या मागे खाटेवर झोपलेले, आत्या, म्हणजे सासूबाई, घरी. गिऱ्हाईक एकच, ट्रकवाला, तोही टेबलावर मान टाकून. सातव्यात छत खाली यायला लागलं की मी छताकडे बघायची, आणि आपटायची. आज फक्त माझ्या विमानाकडे बघितलं. निघाले बाहेर.
आकडा ४१,२६०. मशीन नाव विचारतं, इंग्रजी तीन अक्षरं. एस यू एल दिली. सुलभातलं सुल. लाइट गेली की मशीन सगळं विसरतं, म्हणून इथे लिहायचं.
मग भांडी.

५ फेब्रु.
लाइट दोनदा गेली. नावं साफ.
थॉमस येऊन गेला. मशीन मुंबईच्या त्याच्या शेठचं, दिवाळीपासून आमच्याकडे ठेवलंय. हा पंधरा दिवसांनी येतो, उघडतो, पुसतो. नाण्याशिवाय चालू करायचं आतलं बटण त्यानेच दाखवलं मला, टेस्टिंगसाठी म्हणून. विचारलं, सगळ्यात शेवटी काय आहे हो?
"नऊ बोगदे. मग परत पहिला. जरा जोरात."
"मग बाहेर कधी पडतो माणूस?"
"बाहेर नाही ताई. बाहेर बनवलेलंच नाही."
तो हसला, मीही हसले. नंतर कांदा कापताना उगाच वाईट वाटत राहिलं.

११ फेब्रु.
चार वर्षं झाली लग्नाला. घर ते हॉटेल, हॉटेल ते घर, मध्ये हायवे. माहेर ठाकुरवाडीला, वडील रेल्वेत. लहानपणी वाटायचं, इथे गाडी थांबत नाही, हायवेवरच्या चौक गावाला जाऊ तर सगळं थांबेल. थांबतं खरं. सगळे खातात आणि लोणावळ्याला जातात.
आज आकडा ४४ हजारांवर. मागचे तीन अंक बघायचे राहिले, आत्यांनी हाक मारली.

१७ फेब्रु.
पकडले गेले.
नववा बोगदा चालू होता. संपला, पहिला आला, खरंच जोरात. आपटले. मागे वळले तर हे उभे. हातात तांब्या. किती वेळ उभे होते कोण जाणे.
"ती एस यू एल तू हायस?"
मी मान हलवली.
"पुण्याची पोरं इचारतात मला, कोण हाय म्हणून. मी म्हनतो असंल कोन तरी कॉलेजवाला."
वाटलं आता ओरडणार. ओरडले नाहीत. म्हणाले, परत करून दाखव. दाखवलं. पडद्याकडे कमी, माझ्याकडे जास्त बघत होते. जेवताना आत्यांना सांगितलं, धाकट्या बहिणीला, मंगलला सांगितलं. "हात बगायला पायजे हिचा." मंगल म्हणाली, "वहिनी, तुमी कधी शिकलात?"
मी फार सुखी झाले होते. हे लिहून ठेवायला हवं.

२२ फेब्रु., रवि.
बोर्ड आला. खालापूरचा पेंटर. निळ्यावर पिवळं, हायवेवरून दिसेल एवढं. वहिनीला हरवा, फुकट जेवा.
मला काल विचारलं होतं, फुकटचा उकार पहिला का दुसरा. पहिला म्हटलं. कशाला हवाय ते नाही विचारलं मी. त्यांनीही नाही सांगितलं.

१ मार्च, रवि.
सकाळी दहापासून उभी. मुंबईच्या गाड्याच गाड्या. बायका गाडीतून उतरून बघतात, कडेवरच्या पोरांना दाखवतात. "बाई आहे ती." "साडीतच खेळते?" हरवलं कुणी नाही.
एकाने मात्र बटणावर माझ्या हातावर हात ठेवला. मी हात काढला, विमान आपटलं. तो म्हणाला, हरल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बघितलं होतं.
"गिऱ्हाईक हाय. चालायचंच."
तो जेवला. मी वाढलं.

८ मार्च, रवि.
अंगठा सुजलाय, हळद लावली.
दुपारी आत्या हॉटेलात आल्या. गर्दी बघितली, मला बघितलं. लेकाला म्हणाल्या, "सुनंला तमाशात उभी केलीस काय रं?" मनात म्हटलं, सुटले. दोघं भटारखान्यामागे गेले. बराच वेळ बोलत होते. आत्या आल्या, घरी गेल्या, आणि परत आल्या त्या जांभळी साडी घेऊन. त्यांची ठेवणीतली.
"ही नेस गं. उभं राहायचंच हाय तर नीट दिस."

१२ मार्च
दुपार. कुणी नव्हतं. हे झोपलेले. मशीनपाशी गेले, हात ठेवला. काच गरम होती. बटण दाबलं नाही. स्टुलावर बसून हायवे बघितला.

१९ मार्च
थॉमस आला. त्याने मुंबईत माझ्याबद्दल सांगितलंय. ५ एप्रिलला दादरला एका हॉलमध्ये स्पर्धा आहे, मुंबईतली सगळी खेळणारी मुलं येणार. फॉर्म भरूनच आणला होता, फक्त सही.
"नवीन मशीन आहे ताई. अजून कुणीच खेळलेलं नाही. सगळे एका रेषेवर."
"कसला खेळ?"
"मलाही दाखवला नाही. माझी बायको तिथे हॉलवर येईल, तिच्यासोबत बसा. संध्याकाळी कर्जतची गाडी मिळेल."
कुणीच खेळलेलं नाही. दिवसभर हेच. चपात्या दोनदा करपल्या.

२१ मार्च
ह्यांना विचारलं. चांगल्या मनःस्थितीत होते म्हणून.
"पाच तारीख रविवार हाय."
"हो."
"रविवारी तू नसलीस तर बोर्ड कशापायी लावलाय?"
"एकच रविवार."
"सुले, मी तुला कधी नाय म्हनलोय? इथं खेळ की. दिवसभर खेळ."
रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या अंगठ्याला मलम आणून दिलं.

२४ मार्च
मंगलला सगळं कळलंय. अकरावीला आहे, कर्जतला जाते ST ने. माझ्याआधी हिने फॉर्म वाचला. म्हणाली, "वहिनी, मला शिकवा. पाचला मी उभी राहते. दादाला काय, कुणीतरी उभं पायजे."
हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही.

२७ मार्च
मं. हुशार आहे. माझ्यापेक्षा हात हलका. तीन दिवसांत पाच बोगदे. छताकडे बघू नको म्हटलं, एकदा सांगितलं, परत सांगावं लागलं नाही. मी तिच्या खांद्यामागे उभी राहून बघते, दुसऱ्या कुणाचं विमान इतकं नीट चाललेलं मी पहिल्यांदा बघितलं. दोघी हसतो. वर्षभरात एवढी हसले नसेन.

३० मार्च
आज हे मागे येऊन उभे राहिले. मं. सहाव्यात होती. तिच्याकडे बघत होते. पडद्याकडे कमी.
"बेस. परीक्षा झाली की ही पन. दोगी आळीपाळीनं."
ती लाजली. खूश झाली. मलाही तसंच झालं होतं, १७ फेब्रुवारीला.

१ एप्रिल
मं. ला म्हटलं, बास आता. परीक्षा आहे तुझी.
"पन पाच तारखेला?"
"नाही जात मी."
"खोटं. ह्यो खेळ तुमाला एकटीलाच यायला पायजे. मी पुढं गेले तर बगवत नाय तुमाला."
थोडं खरं असेल का तेही. असेल. सांगायचा प्रयत्न केला, तो बोर्ड, तो हात ठेवणारा, सुट्टीनंतर बारावीला कोण पाठवेल तुला. मला नीट मांडता आलं नाही. ती दार लावून बसली.

४ एप्रिल, शनि.
आज प्रत्येकाकडून हरले. पहिल्याच बोगद्यात. बटणावर हात ठेवायचा आणि विमान भिंतीत घालायचं, अवघड नाही. फुकट जेवणं परवडेनात की बोर्ड उतरेल. गिऱ्हाईकं टाळ्या वाजवून जेवायला बसली. हे दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा मशीनची पिन काढली.
"मुद्दाम करतेस."
"अंगठा दुखतो."
"सुलभा, मुद्दाम करतेस तू."
चार वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नाव घेतलं. मी म्हटलं, हो.
मग म्हटलं, उद्या मी दादरला जाणार. आवाज माझा होता का कळेना.
ते स्टुलावर बसले. अंगठ्याच्या नखाने टेबल खरवडत होते. म्हणाले, "जा. मंगल उभी राहील उद्या. तिला येतं."
मारलं नाही, अडवलं नाही. दोरी दुसरीच्या गळ्यात टाकली आणि मला मोकळी केली.

५ एप्रिल, रवि. सकाळ. कर्जत स्टेशन, बाकावर.
पहाटे उठले. नेहमीची साडी नेसले, जांभळी नाही. मं. जागीच होती. माझ्याशी बोलत नव्हती. तिला म्हटलं, चप्पल घाल. कुठं? म्हटलं, घाल आधी. पुस्तक घे एखादं.
आत्या अंगणात पाणी तापवत होत्या. दोघींकडे बघितलं. मला वाटलं हाक मारतील. त्या चुलीत लाकूड सारत राहिल्या. दारापाशी आलो तेव्हा म्हणाल्या, "डबा घेतला नाय तुमी." एवढंच. डबा नव्हता, तरी थांबलो नाही.
ST त मं. ने विचारलं, "तिथं मी पन खेळू शकते?" तुझा फॉर्म नाही म्हटलं. "मग मागं उभी राहते."
म्हणजे बोलायला लागली.
तिकिटं काढली. गाडीला वीस मिनिटं. मं. भूगोलाचं पुस्तक उघडून बसलीय, पान उलटत नाही. नवीन मशीनचं मला काहीच माहीत नाही. पहिल्याच फेरीत बाद होईन. परत गेल्यावर घरात काय असेल तेही माहीत नाही, हॉटेल आज कोण बघतंय तेही.
मं. ने आत्ता कोपर मारलं. "वहिनी, दादा."
बघितलं. पुलापाशी. कुणाच्या तरी स्कूटरवरून आलेत, केस उभे. शर्ट कालचाच. आम्हाला बघितलंय त्यांनी, पण इकडे आले नाहीत.
"काय करायचं?"
"बस."
मी लिहीत राहिलेय. सिग्नल पडला. हे तिकिटाच्या खिडकीसमोरच्या रांगेत जाऊन उभे राहिलेत. फलाटाचं तिकीट काढतात की दादरचं, इथून दिसत नाही.