चिक्कप्पांच्या टेबलावरचं पुस्तक

तीर्थरूप चिक्कम्मास,

सुमंगलाचा साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? म्हैसूर सोडून मुलाकडे शिवमोग्ग्याला गेल्यापासून तिथल्या दमट हवेला त्यांनी शिव्या घातल्या नसतील तर नवलच. तू पाठवलेली कोडुबळी पोचली (अर्धी माझ्या मार्गदर्शक बाईंनी खाल्ली आणि वर म्हणाल्या, "प्रबंधही असाच वेळेवर दे गं").

रडगाणं प्रबंधाचंच आहे. मलनाडच्या तळ्यांवरचं एक जुनं पुस्तक मिळालं नाही तर माझं शेवटचं प्रकरण लंगडं राहणार, आणि बाई या महिनाअखेर निवृत्त होतायत. प्रत एकच, म्हैसूरच्या एका ग्रंथालयात. आमच्या धारवाडच्या ग्रंथालयाने ती उसनी मागितली की दरवेळी तेच उत्तर: पुस्तक वाचकाकडे आहे, बाहेरगावी पाठवता येत नाही. शेवटी मीच गाडीत बसले.

इथले ग्रंथपाल पुट्टस्वामी (कपाळाला विभूती, आवाज इतका हळू की आपल्यालाच अपराधी वाटावं) मला खिडकीजवळच्या टेबलाशी घेऊन गेले. वाचकाने स्वतः परत केल्याशिवाय टेबलावरचं पुस्तक हलवायचं नाही, असा इथला नियम. पुस्तकात खुणेला चष्म्याची मोडकी दांडी. तू हिरव्या दोऱ्याने बांधून दिलेली, चिक्कप्पांची!

"अहो, हे माझ्या चिक्कम्माचे यजमान, माझे चिक्कप्पा! उगादीच्या सणालाच वारले."

"असेल, अम्मा. पण त्यांनी तसं आम्हाला कळवलेलं नाही."

"मग ही खूण पुढं कोण सरकवतं?"

"वाचणारा. घाई करू नका, शेवटचं प्रकरण आलंच आहे."

मी हसले. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा थांबला (वाचताना त्यांना पंखा खपत नसे, आठवतं ना?). मी समोरच्या खुर्चीत बसून राहिले. पान उलटताना काही दिसलं नाही. पण खिडकीबाहेर पाहून मान वळवली की दांडी पुढच्या पानात, आणि पानाचा कोपरा बोटाच्या थुंकीने ओला. निघताना सवयीने मी चिक्कप्पांच्या खुर्चीला घरची सगळी खबर सांगितली, तुझ्या नव्या पत्त्यासकट.

तुझी,
सुमंगला

ता. क. पत्राचं खरं कारण: तू इकडे ये. "उठा आता, जेवण निवतंय," असं तू म्हटल्याशिवाय त्यांनी जन्मात पुस्तक मिटलं नाही. घरच्यांनी उठवलेलं नियमात बसतं, असं पुट्टस्वामी म्हणतात.

दुसरा ता. क. येऊ नकोस. आज सकाळी पुस्तक माझ्या बाजूला फिरवून ठेवलेलं होतं, शेवटचं प्रकरण उघडं. त्यांची खुर्ची आत सरकवलेली. दांडी कुठंच नाही. पुट्टस्वामी म्हणाले, "परत केलं, अम्मा. घरी गेले." तेव्हा चिक्कम्मा, रात्रीचं जेवण जरा गरम राहू दे.