क्वार्टरबॅक एकटा पुरेसा असतो

१४ मे
या वहीत एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: क्वार्टरबॅकचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याचे, यश त्याच्या अंगच्या गुणावर अवलंबून असते, सोबतच्यांवर नाही. चौतीस वर्षे टेक्सासच्या पोरांना वादविवाद शिकवला. प्रतिज्ञा आधी मांडावी, हे मी विसरत नाही.
नातू वेस्टन हा मॅडोक्स हायस्कूलचा क्वार्टरबॅक. गेल्या मोसमात तेरापैकी बारा सामने जिंकले. तरी रस्टी न्हावी, जो स्वतः एकेकाळी क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच दांडग्यांच्या भिंतीत उभा राहत असे, केस कापताना म्हणाला, मास्तर, त्या पाच रेड्यांच्या मागे माझी आजी उभी केली तरी चेंडू तीस यार्ड फेकेल.
वस्तरा मानेवर असताना मी प्रतिवाद करत नाही.

२ जून
उपाय सापडला. पाच रेडे काढून घ्यायचे, क्वार्टरबॅक तोच ठेवायचा. वेस्टनने माझ्याकडे राहायला यावे आणि शाळेचे शेवटचे वर्ष आमच्या गावच्या टिल्डन हायस्कूलकडून खेळावे. टिल्डनने गेल्या वर्षी एकही सामना जिंकला नाही. प्रयोगाला याहून स्वच्छ भांडे मिळणार नाही. कॉलेजांचे निवडकर्ते निखळ गुण पाहतील, शिष्यवृत्ती देतील.
मुलगी लोर्ना, म्हणजे त्याची आई, फोनवर म्हणाली, बाबा, तो पोरगा आहे, प्रयोगशाळेतला बेडूक नाही.
भावनिक आक्षेप. नोंदवला. फेटाळला.

९ जून
वेस्टन आला. एक पिशवी, एक चेंडू. चाळीस मिनिटे सिद्धांत समजावला. 'येस सर' म्हणाला. समंजस मुलगा.

२९ जुलै
शाळाबदलीचा फॉर्म. प्रश्न: बदली खेळासाठी आहे काय? असल्यास वर्षभर खेळता येत नाही.
टिल्डनचे कोच म्हणाले, मास्तर, इथं सगळे 'घरगुती कारण' लिहितात. आजोबा थकलेत म्हणा आणि सही ठोका.
मी थकलेलो नाही. 'होय' लिहिले व सात पानी पुरवणी जोडली. सार: नियम जिंकण्यासाठी शाळा बदलणाऱ्यांसाठी आहे, आम्ही हरणाऱ्या शाळेत आलो आहोत, सबब तो लागू नाही. निर्दोष.

१९ ऑगस्ट
शाळाबदली तपासणाऱ्या समितीपुढे अर्धा तास बोललो. शेवटी अध्यक्ष, गुरांचा व्यापारी, म्हणाले, सर, इतका चोख कबुलीजबाब या टेबलावर आजवर आला नव्हता.
वेस्टन वर्षभर बाद. मॅडोक्सला परतला तरी बाद.
श्रोतृवर्ग अपात्र होता.

१६ सप्टेंबर
मॅडोक्स ४१, पाहुणे ७. वेस्टनच्या जागी शाळेच्या बँडमध्ये ट्रोंबोन नावाचे बाजे फुंकणारा पोरगा.
रस्टी म्हणाला, मास्तर, तुमचा प्रयोग झाला की. फक्त रेडे ठेवले आणि क्वार्टरबॅक काढला.
एका सामन्याने काही सिद्ध होत नाही.

११ नोव्हेंबर
मॅडोक्स दहापैकी दहा. नमुना अजूनही लहान आहे.
कॉलेजचा माणूस येऊन गेला म्हणे. ट्रोंबोनवाल्यासाठी नव्हे; पाच रेड्यांतल्या इसिड्रोसाठी. वेस्टनबद्दल कोणी विचारले नाही. वेस्टन जेवताना बोलत नाही. एकाग्रता असावी.

१८ नोव्हेंबर, दुपार
पिकअप दाराशी. मॅडोक्सचे ते पाचही जण माझ्या स्वयंपाकघरात मावेनात. इसिड्रोने टोपी काढली. म्हणाला, सर, याला घेऊन जातो. खेळता येत नाही तर नाही, कडेला उभा राहील. मग वेस्टनला म्हणाला, चल रे, तो बाजेवाला फार सभ्य आहे, त्याला शिव्या घालताना लाज वाटते.
वेस्टन हसला. या घरात त्याचे हसणे मी आज पहिल्यांदा ऐकले.
पिशवी पाच मिनिटांत भरून झाली. 'थँक यू, सर' म्हणून गेला.

त्याच दिवशी
माझी प्रतिज्ञा खोडली गेलेली नाही. ती तपासलीच गेली नाही. तरीही एक चूक मान्य करतो. तिसरीपासून तो या पाच जणांबरोबर खेळत आला होता. शेवटचे वर्ष कोणाबरोबर खेळायचे आहे, हे मी त्याला विचारले नाही.

हार्लन प्रुइट